पुढचं डावं चाक

दुकानात दोन प्रकारचं मीठ दिसलं तरी जगदीश कांबळ्यांना घाम फुटायचा. पोस्टात उभी हयात टपाल लावण्यात गेली. तिथं एका पत्राला एकच खण. बाहेरच्या जगात मात्र एका कामाला दहा बाटल्या. असा माणूस गाडीच्या चाकांचं औषध आणायला निघाला, म्हणजे पुढचं काय विचारता!

गाडी लेकीची, दीपिकाची. सेकंडहँड, पण स्वतःच्या पगाराची. महिन्यापूर्वी जगदीशरावांनी मोठ्या मायेनं तिचं बॉनेट भांड्याच्या घासणीनं घासलं होतं. ओरखडे पाहून दीपिका एवढंच म्हणाली, "पप्पा, प्लीज, यापुढे माझ्या गाडीला हात लावू नका." ओरडली असती तर बरं झालं असतं. ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

उद्या रविवारी पहाटे ती आईला, कमलाबाईंना, घेऊन साताऱ्याला मावशीकडे निघणार होती. चाकांवर काळी भुकटी बसलेली, पुढच्या डाव्या चाकावर तर काजळीच. लेकीला न सांगता चाकं लख्ख करायची आणि गेलेली पत परत मिळवायची, असा म्हाताऱ्याचा बेत होता.

करी रोडच्या त्यांच्या टॉवरचे वॉचमन बाबुराव म्हणाले, "ब्रेकची धूळ आहे साहेब. संडासाचं अ‍ॅसिड मारा. लादी निघते, तर चाक काय चीज आहे!"

चाकच निघालं तर काय, या विचारानं जगदीशराव थेट लालबागच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. गल्ल्यावर मालकीणबाई होत्या, लतिका.

"काका, अ‍ॅलॉयवर लॅकरचा थर आहे की नुसतं पॉलिश?"

"काळं आहे."

"ते कळलं हो. खालून कसं आहे?"

"ते दिसलं असतं तर इथं आलो असतो का?"

लतिकाबाईंनी तीन बाटल्या मांडल्या. "ही अ‍ॅसिडवाली, कडक. रंग गेला तर माझ्याकडे यायचं नाही. ही साबणासारखी, सेफ. पण जुनी धूळ हलायची नाही. आणि ही लोखंडाची भुकटी सोडवते. मारली की जांभळी होते."

"चाकं?"

"नाही हो, बाटलीतलं पाणी! फक्त गरम चाकावर मारू नका. आधी हात लावून बघा."

जगदीशरावांनी तिन्ही बाटल्या उचलल्या, ठेवल्या, पुन्हा उचलल्या. मागे रांग लागली. एक गिऱ्हाईक म्हणालं लिंबू लावा, दुसरं म्हणालं रॉकेल. शेवटी त्यांनी तिसरी बाटली घेतली. का घेतली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी आले तेव्हा दीपिका अंघोळीला गेली होती. त्यांनी घाईघाईनं चारही चाकांवर फवारा मारला. दोन मिनिटांत जांभळे ओघळ सुटले आणि सडक्या अंड्यासारखा वास आला. तीन चाकांतून थोडे, पण पुढच्या डाव्यातून धारच लागली. जगदीशरावांचं धाबं दणाणलं. त्यांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या. तीन चाकं चकाकली, पुढचं डावं अजून मळकंच.

दुपारी दीपिका खरेदीला दादरला गेली आणि चारच्या सुमारास गाडी लावून वर गेली. तिचं चाकांकडे लक्षही गेलं नव्हतं. जगदीशराव बाटली घेऊन खाली आले. सांगितल्याप्रमाणे हात लावला. तीन चाकं कोमट. पुढच्या डाव्याला हात लावला आणि बोटं चर्रकन भाजली.

आता मात्र डोक्याचं पार भजं झालं. औषध आत शिरलं? आपण काही बिघडवलं? "गाडी चालली की चाक गरम होणारच," बाबुराव म्हणाले. मग बाकीची तीन काय पायी आली? सांगावं तर गाडीला हात लावल्याचं उघड होणार. न सांगावं, तर पहाटे याच चाकावर दोघी निघणार.

अखेर ते वर गेले आणि दारातच बोलून टाकलं, "दीपे, मी चाकांना औषध मारलं. डावं चाक तापलंय. माझ्यामुळेच असेल."

दीपिकानं कपाळाला आठ्या घातल्या, पण खाली आली. चाकाजवळ हात नेला आणि लगेच ओळखीच्या मेकॅनिकला, हितेंद्रला, फोन लावला.

हितेंद्रनं येऊन चाक काढलं. "औषधाचा संबंध नाय. ब्रेक जाम झालाय, सुटतच नाय. पॅड घासून घासून संपत आलंय, म्हणून तर एवढी धूळ. घाट उतरताना ब्रेकनं दगा दिला असता, ताई. कोणी पकडलं हे?"

दीपिकाचा चेहरा पांढरा पडला. तिनं वडिलांना बाबुरावांच्या खोलीमागच्या नळावर नेलं आणि त्यांची भाजलेली बोटं पाण्याखाली धरली.

"पप्पा, तुम्ही सांगितलं नसतं तर?"

"मी सांगणार नव्हतो," जगदीशराव म्हणाले. "लिफ्टनं दोनदा वर आलो आणि दारातूनच परत फिरलो. तू रागावशील म्हणून."

दीपिकाला रडू फुटलं. बोटं केव्हाच गार झाली होती, तरी तिनं नळ बंद केला नाही.