हळू आवाजाच्या माणसाचा हेडफोन

मी सूरजच्या गळ्यात अडकलेला हेडफोन बोलतोय. आवाज जरा फाटका येईल. माझी उजवी बाजू गेली आहे, डावीवर कसंबसं चाललं आहे. शिवाय असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची मला सवय नाही. आमचं काम एका माणसाच्या कानापुरतं.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या खोक्यावर लिहिलं होतं. ते खोकं सूरजच्या बायकोनं सुया-बटणं ठेवायला घेतलं, तेव्हा तो विषय संपला. मला आठवतं ते कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं कॉम्प्युटरचं दुकान. मी काचेमागं लटकून असायचो. गिऱ्हाइकं यायची, मला डोक्याला लावून आरशात बघायची आणि परत लटकवायची. सूरज आला तेव्हा त्यानं आरशात बघितलंच नाही.

"गाणी ऐकायला पायजे काय?" दुकानदारानं विचारलं.

"न्हाय," तो खाली बघत म्हणाला, "शिकायला."

बारावी अर्ध्यात सोडून तो एका फ्लेक्सवाल्याकडं कामाला होता. वाढदिवसाचे फलक बनवायचा. एकेका फलकावर ढीगभर चेहरे गोल कापून बसवायचे, आणि एखाद्या दादाचा चेहरा दुसऱ्या दादापेक्षा लहान झाला की दुकानात येऊन भांडण. ते काम करताकरताच व्हिडिओ बघून तो वेबसाइट बनवायला शिकला. शिकवणारा कुणी परदेशी, बोलणं भरभर आणि सगळं इंग्रजी. सूरज एकेक वाक्य मागं घेऊन ऐकायचा. माझं जे काही थोडंफार शिक्षण झालं, ते तेव्हाच.

पुढं त्यानं घरूनच वेबसाइटची कामं घ्यायला सुरुवात केली. घर सदर बाजारात, दोन खोल्यांचं. बायको निशा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस. सकाळी कंपनीच्या बसनं जाते ती दिवस मावळायला येते. घरात मागं सूरज, त्याचे वडील आण्णा आणि चार वर्षांची पोरगी. तिचं नाव प्रियदर्शिनी, हाक मारायला दर्शी. पोरगी डोळ्यांसमोर वाढावी, म्हणूनच सूरजनं घरून काम करायचं ठरवलं होतं.

पण दोन खोल्यांत ऑफिस कुठं करणार? म्हणून मीच ऑफिस झालो. मी कानावर असलो की पप्पा कामावर, गळ्यात असलो की पप्पा घरी. हा नियम निशानं केला आणि आण्णांनीही मान्य केला. अडचण एवढीच झाली की मी गळ्यात कमी आणि कानावर जास्त राहू लागलो.

सूरज हळू बोलतो. लाजाळू आहे. माझ्या एका बाजूला, त्याच्या तोंडापाशी येणारी, माइकची लहानशी दांडी आहे, तिच्यातून त्याचा आवाज पलीकडं जातो. तिलासुद्धा त्याचं बोलणं पकडताना कष्ट पडायचे. पलीकडची माणसं मात्र हळू बोलणारी नव्हती. आजऱ्याचे काजूवाले पृथ्वीराज बोलायला लागले की माझी फोमची गादी थरथरायची.

"पावणं, त्यो लोगो जरा मोठा करा की!"

"केलाय साहेब, कालच."

"आणि मोठा करा. आमच्या सासऱ्याला चष्म्याबिगर दिसाय पायजे!"

सगळ्यांचं असंच. कुणाला फोन नंबर चमकायला हवा, कुणाला आपला फोटो मालाच्या वर हवा. सूरज सगळ्यांना "करतो" म्हणायचा. नाही म्हणायला त्याची जीभ वळायची नाही. मग ते करत बसायचं. मान दुखायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि माझ्या गाद्या त्याच्या घामानं भिजून सोलपटायला लागल्या.

आण्णांचं सगळं उलटं. ते उभा जन्म गुळाच्या सौद्यांत बोली पुकारायचं काम करत होते. गूळ सुटला, पण आवाज काही सुटला नाही. चहा हवा असला तरी ते ढेपांची रास विकायला काढल्यासारखे बोलतात. आणि दर्शी त्यांच्या एका हाकेसरशी धावत जायची.

सूरजच्या हाकेला मात्र ती यायची नाही.

तो मला गळ्यात उतरवायचा आणि तिच्या मागून म्हणायचा, "दर्शू, ये बाळा, भात खाऊ." ती खेळत राहायची. तो पुन्हा म्हणायचा. ती भांडीकुंडी मांडत राहायची. तेवढ्यात आण्णा आतून गरजायचे, "दर्शेऽऽ, पप्पा बोलवतोय न्हवं?" की ती उठून, हसत, थेट आण्णांकडं जायची.

मग सूरज मला परत कानावर चढवायचा.

एका रविवारी त्यानं निशाला सांगितलं. "तिला माझ्याशी बोलायचंच न्हाय, निशा."

"सदा कानाला त्ये लावून बसलायसा. लेकरू बोलंल कुणाशी?"

"काढतो की मी. काढूनच हाक मारतो."

"मग हट्टी झालीया ती, दटावा जरा. तुमचं सगळंच मऊ. बालवाडीतल्या बाई पण म्हणत्यात, जोरात बोलल्याबिगर ही काम करत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सूरज ओरडला. दर्शी नळ सोडून पाण्याशी खेळत होती. त्यानं दोनदा हळू सांगितलं आणि मग एकदम मोठ्यानं ओरडला. मी दचकलो. त्याच्या गळ्यातून असा आवाज कधी आलाच नव्हता. दर्शीनं झटकन नळ बंद केला आणि भेदरून त्याच्याकडं बघितलं.

आण्णा खूश झाले. "बघ! म्हणत हुतो न्हवं? आवाज लावला की सरळ येती का न्हाय?"

तेव्हापासून तो रोज ओरडू लागला. पोरगी कामं करू लागली, पण त्याच्या मांडीवर येईनाशी झाली. त्याला वाटायचं, आपण बाप म्हणून कमी पडलो. घरात असूनही घरात नव्हतो, त्याचंच हे फळ. एकदा आण्णांना म्हणाला, "फ्लेक्सच्या दुकानात परत जातो. निदान बाहेर असलो तर असं वाटणार न्हाय."

त्यानं खरंच जुन्या मालकाला फोन केला. मालक म्हणाला, महिना सरला की ये. सूरज हातातली कामं उरकायला लागला.

त्यातलंच एक काम मंगल कार्यालयाचं होतं. मालकाची अट अशी की वेबसाइट उघडली की सनई वाजली पाहिजे. दुपारी सूरज ती सनई ऐकत होता. दारात गॅसवाला आला, म्हणून मला टेबलावर ठेवून तो बाहेर गेला. दर्शी खुर्चीवर चढली आणि तिनं मला डोक्यावर घातलं. मी तिला मोठा होत होतो, म्हणून तिनं दोन्ही हातांनी मला धरलं. सनई चालू होती.

तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग माझ्या वायरीवरचं आवाजाचं चाक फिरवायला लागली. फिरवत फिरवत अगदी टोकाला नेलं. मला तो आवाज सोसवत नव्हता, आतला पडदा फाटतोय असं वाटत होतं. आणि दर्शी डोळे मिटून हसत होती. एवढी स्वस्थ मी तिला कधी बघितली नव्हती.

सूरज आला. त्यानं मला काढून स्वतःच्या कानाला लावलं आणि चटका बसल्यासारखं बाजूला केलं. चाक नेहमीच्या जागी आणलं आणि सनई तिला ऐकवायला मला पुन्हा तिच्या कानांवर ठेवलं.

दर्शी म्हणाली, "पप्पा, बंद पडलं."

"न्हाय बाळा, चालू हाय."

ती त्याच्या ओठांकडं बघत होती. "बंद पडलं," ती पुन्हा म्हणाली आणि चाकाकडं हात नेला.

सूरजनं मला एका कानाला लावून बघितलं. सनई वाजत होती. तो तिच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "दर्शू." ती वळली नाही. त्यानं आणखी जवळ जाऊन म्हटलं. ती माझ्या वायरीशी खेळत होती. मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

पोरीला नीट ऐकू येत नाही, हे आण्णांना पटलं नाही. "खुळा हाईस काय? माझ्या एका हाकेत येती पोरगी. कान लई तिखट हाईत तिचं."

"आण्णा, तुमची हाक मार्केट यार्डातनं पण ऐकू येती."

"म्हंजे?"

"म्हंजे ह्या घरात तिला ऐकू न जायला जागाच ठेवली न्हाय तुम्ही. सगळी गल्ली तशी, बालवाडीतल्या बाई तशा. हळू बोलणारा मी एकटाच."

आण्णांनी दर्शीकडं बघितलं. मग जमेल तेवढ्या हळू म्हणाले, "दवाखान्यात ने."

सूरजनं सुट्टी घेतली, म्हणजे फोन बंद केला. गडबडीत मी त्याच्या गळ्यातच राहिलो, वायर खिशात कोंबलेली. दवाखान्यात कान तपासायची एक लहान खोली होती. दार लावलं आणि सगळं थांबलं. रिक्षा नाही, कुणाची हाक नाही. कोल्हापुरात एवढी शांतता असते, हे मला माहीतच नव्हतं.

तिथल्या मॅडमनी दर्शीच्या कानाला माझ्यासारखाच एक हेडफोन लावला आणि तिच्या हातात मणी दिला. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा, एवढाच खेळ. दर्शीनं मणी गालाशी धरला आणि ताठ बसली. काचेपलीकडं मॅडमनी बटण दाबलं. दर्शी वाट बघत राहिली. पुन्हा दाबलं. ती तशीच. हलली नाही, चुळबुळली नाही. मणी गालाला घट्ट लावून, पूर्ण मन लावून ती वाट बघत होती. हिलाच आपण हट्टी म्हटलं, हे त्या वेळी सूरजच्या मनात आलं असणार, कारण त्याचा हात माझ्यावर आला आणि त्यानं मला इतकं आवळलं की माझा डोक्यावरचा पट्टा करकरला. बऱ्याच वेळानं मणी डब्यात पडला. दर्शीनं वळून पप्पाकडं बघितलं, शाबासकी मागितल्यासारखं.

डॉक्टर म्हणाले, वारंवार सर्दी होऊन कानांच्या पडद्यांमागं पाणी साठलंय. मोठे आवाज जातात, हळू आवाज जात नाहीत. औषधं देऊ, काही महिने बघू, नाहीच हटलं तर छोटी नळी बसवू. घाबरण्यासारखं नाही. तोवर तिच्याशी बोलायचं ते समोर बसून, तोंड तिच्याकडं करून, जवळून.

"मी तिच्यावर ओरडत हुतो, डॉक्टर," सूरज म्हणाला.

"सगळेच ओरडतात," डॉक्टर म्हणाले. "आता नका ओरडू."

घरी आल्यावर त्यानं फ्लेक्सवाल्याला येत नाही म्हणून कळवलं. रोज दुपारी तो दर्शीसमोर मांडी घालून बसायचा आणि बोलायचा. काय बोलायचं ते त्यालाही कळायचं नाही, म्हणून भाजीत काय घातलं ते सांगायचा, मांजर कुठं गेलं ते सांगायचा. अशाच एका दुपारी पृथ्वीराजांचा फोन आला. सूरजनं मला अर्धवट कानाला लावलं.

"आत्ता न्हाय जमणार साहेब. चारनंतर बोलतो."

"का वो पावणं? बरं न्हाय काय?"

"पोरीशी बोलतोय."

मग माझी गादी थरथरली. "आरं मग बोला की! काजू काय पळून चालल्यात?"

औषधांनी पाणी पूर्ण हटलं नाही. शेवटी नळी बसवावी लागली. निशानं रजा काढली, आण्णा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. घरी आल्यावर दर्शी दोन दिवस नुसती फिरत होती. पंख्याकडं बोट, मोरीतल्या थेंबाकडं बोट, हे काय वाजतंय, ते काय वाजतंय. सूरज कॉम्प्युटरवर टाइप करत होता, तिथं येऊन बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पप्पा, तुझं काम वाजतंय." आण्णांनी बाहेरून चहा मागितला तर तिनं कानांवर हात ठेवले. "आण्णा, वरडू नगा की!" तेव्हापासून आण्णा चहा मागायला आत येतात. म्हातारपणी फारच कष्ट झाले म्हणतात.

सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. कामं तेवढीच आहेत. लोगो अजून मोठे करायचे आहेत. सूरज खुर्चीतच पेंगतो, त्याची मान पूर्वीसारखीच दुखते. दर्शीचे काही शब्द अजून अर्धेच येतात, ते भरून यायला वेळ लागणार आहे. आणि मी तर संपतच आलो. उजवी बाजू मेली तेव्हा दुरुस्तीवाल्यानं मला उलटसुलट करून परत दिलं. आता सूरज फोन स्पीकरवर घेतो, आण्णा मधूनच गिऱ्हाइकांना सल्ले देतात. मी सवयीनं त्याच्या गळ्यात असतो, एवढंच.

काल त्यानं आतल्या खोलीतल्या दर्शीला हाक मारली. हळू, त्याच्या त्या आवाजात. आतून लगेच उत्तर आलं, "थांब की पप्पा, भावलीला आंघोळ घालतीया!" आणि ती आली नाही. बराच वेळ आली नाही. सूरज माझ्यावर हात ठेवून हसत बसला. पुन्हा हाक मारली नाही त्यानं.

ऐकणाऱ्यांनो, तुमच्या घरात एखादं लेकरू हाकेला येत नसेल, तर आधी दटावू नका. त्याच्या मागं जाऊन उभे राहा. घरातला सगळ्यात हळू बोलणारा माणूस असेल, त्याला त्याचं नाव घ्यायला सांगा. वळलं तर बरंच आहे, मग खुशाल रागवा. नाही वळलं तर कडेवर घ्या आणि दवाखान्यात न्या.

एवढंच सांगायचं होतं. डावी बाजूही आता खरखरायला लागली आहे, थांबतो.