रॅमच्या डबीतली रांगोळी

मी एक जुनी रॅमची डबी आहे. मित्रांनो, हसू नका. एके काळी काही हौशी घरांत टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर असत आणि त्यांची स्मरणशक्ती अगदीच तोकडी असे. त्यांच्या पाठीत मला खोचलं की त्यांना एकदम पुष्कळ आठवायला लागे. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोही आज माझ्यात मावणार नाही, पण तेव्हाचा माझा तोरा विचारू नका!

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पिंपरीच्या एका इंजिनिअरसाहेबांनी मला हौसेनं आणलं. कॉम्प्युटर मला फ्लॉपी समजून माझ्यात फायली ठेवायचा आणि मी त्या पापणी लवायच्या आत परत द्यायचे. खोट एकच. वीज गेली की मी कोरी. पुढे नवे कॉम्प्युटर आले, साहेबांचं कौतुक आटलं आणि मी कॉम्प्युटरसकट कुदळवाडीच्या भंगारात जाऊन पडले.

तिथून आम्हा दोघांना उचललं जयसिंगरावांनी. हे चिखलीचे, कंपनीच्या टूलरूममध्ये उमर घालवून निवृत्त झालेले. बंद पडलेलं यंत्र दिसलं की यांचे हात शिवशिवलेच. माझे सोनेरी पाय त्यांनी खोडरबरानं घासून लख्ख केले. वीज गेली तरी सगळं जपून ठेवणाऱ्या, सोबतच्या फ्लॉपी ड्राइव्हचा पट्टा मात्र तुटलेला होता, तो काही केल्या मिळेना.

त्यांच्या पत्नी विमलबाईंना त्याच सुमारास अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा पडला. दसऱ्याला यांचीच रांगोळी बघायला आळी लोटायची, आणि आता त्या रांगोळीचं नावही काढू देत नव्हत्या. एक दिवस जयसिंगरावांनी त्यांच्या डाव्या हातात जॉयस्टिक दिली.

"बघ गं, ठिपका पडतोय का."

पडला. मग ठिपक्याला ठिपका जोडत टीव्हीवर वेल आली, वेलीखाली मोर आला. ते सगळं साठवायला फक्त मीच होते. जयसिंगरावांनी इन्व्हर्टर जोडला आणि फर्मान काढलं, "पट्टा येईस्तवर बटनाला कुणी हात लावायचा न्हाई." विमलबाईंनी तर शेजारणींना दसऱ्याचं आवतणच देऊन टाकलं.

घात झाला खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यांत यंत्रं बंद करून, पुसून, त्यांना हळदकुंकू वाहतात. चालू यंत्राला कुंकू लावायचं नाही, हा नियम जयसिंगरावांच्या हाडीमाशी खिळलेला. सकाळी अंघोळ करून ते आले, सवयीनं बटण बंद केलं, मला झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. मित्रांनो, माझी पूजा चालली होती आणि मी सगळं विसरून बसले होते.

विमलबाई आल्या आणि काळ्या पडद्याकडे बघतच राहिल्या. "आवं, माजी रांगुळी कुटं गेली?"

जयसिंगरावांनी बटणाकडे बोट केलं. "इमल, म्याच बंद केलं गं. फर्मान माजं आन् मोडलं बी म्याच." त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, झालं! आता ही बाई पुन्हा कशालाही हात लावणार नाही.

विमलबाईंनी डाव्या हातानं खुर्ची ओढली.

"रांगुळी रोज सकाळी पुसायचीच आसती. जन्मभर पुसली आन् काढली. रडताय काय? चालू करा ते."

पहिल्या वेळी त्यांना आठवडा लागला होता. या वेळी दिवेलागणीला मोर उभा राहिला. एकही ठिपका त्यांनी कुठे पाहून काढला नाही. माझ्यात काही उरलं नव्हतं, त्यांच्यात सगळं होतं. मला त्या बाईचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

दसऱ्याला शेजारणी आल्या. त्यांतल्या भाग्यश्रीनं विचारलं, "काकू, एका हातानं काढलंत हे?"

"व्हय," जयसिंगरावच मधे बोलले, "आन् दोनदा."

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, मला ओल लागू देऊ नका, एवढंच माझं मागणं. आणि तुमच्या घरात कोणाचा हात थकला असेल, तर "आता राहू दे" असं म्हणू नका. त्याच्या दुसऱ्या हातात काहीतरी द्या.