जोह्याच्या टाकीवरचा आळ

सन दोन हजार बावीस. त्या साली चैत्रात करवतीनं माझं तोंड रुंद कापलं, आणि त्याच साली दसऱ्याला मला भंगारात घालायला निघाले. मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची टाकी आहे. काळी, पाचशे लिटरची. रोह्याजवळच्या वरसे गावात एका परसात बसले आहे. वय झालं की विसरायला होतं म्हणतात. मी काहीही विसरलेले नाही.

माझं माहेर जोहे. पेणजवळच्या या गावात घरोघर गणपतीचे कारखाने. दाजींच्या कारखान्यात चौदा वर्षं माझ्या पोटात शाडूची माती भिजली. फक्त माती. रंगाचा एक थेंबसुद्धा माझ्यात कधी पडला नाही. रंगाची डबडी माडीवर असत. एवढं ध्यानात ठेवा. दाजींची लेक निशिगंधा लहानपणी माझ्या काठाला लोंबकळून आत बघायची. माती ढवळली की पाणी गढूळ. घटकाभर हलवलं नाही की गाळ तळाला आणि वर नितळ पाणी. तो खेळ बघताना ती जेवण विसरायची.

हीच निशिगंधा लग्न होऊन वरशाला आली. नवरा नितेश कंपनीत शिफ्टवर. सासरे काळुराम, खाडीकाठच्या खारेपाटातले शेतकरी, म्हातारपणी लेकाकडे राहायला आलेले. घर नीटनेटकं, पण परसात सगळं सिमेंट. मूठभर माती नाही. एकाच पाण्यात मासे आणि भाजी वाढवतात, हे तिनं फोनवर पाहिलं आणि माहेराहून टेम्पोत घालून मला आणलं.

तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कितीदा तरी चित्रं काढली आणि खोडली. माझ्यात मासे. माशांची घाण झालेलं पाणी पंपानं वर खडीच्या वाफ्यात. खडीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते त्या घाणीचं खत करतात. खत भाजी खाते आणि स्वच्छ पाणी पुन्हा माशांकडे येतं. पहिल्या पंधरवड्यातच गाळानं खडी तुंबली. तेव्हा तिला माझ्या तळाचा शाडू आठवला. वाफ्याच्या आधी तिनं एक मोठी बादली बसवली. तिथं पाणी संथ होई, गाळ खाली बसे, मग पाणी पुढं जाई. फोनवरच्या चित्रात ती बादली नव्हती. ती जोह्याची अक्कल होती!

साठ चिलापी मासे सोडले. माठ आणि पालक असे तरारले की बचत गटातल्या आठ जणी म्हणाल्या, "दसऱ्याला बघायला येतो. जमलेलं दिसलं तर आमच्या घरीही तूच मांडून दे." नितेशची बायको एवढीच ओळख असलेल्या निशिगंधाला गावात स्वतःचं नाव मिळणार होतं. नितेश मात्र म्हणाला, "दसऱ्यापर्यंत बघतो. नाय जमलं तर टाकी भंगारात, नि तिथं माझी गाडी लागेल."

आता काळुरामांचं ऐका. खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा मासा हवाच. जावई आला, मोठा पाहुणा आला, की ताटात तोच. श्रावणात एका दुपारी घरात कुणी नव्हतं. खाडीवरच्या मित्राकडून कॅनमध्ये आणलेले तीन वीतभर जिताडे त्यांनी माझ्यात सोडले.

"घरात पाणी हाय नि जिताडा नाय? लोक हसतील," ते मला म्हणाले. "सांभाळ हां, म्हातारे. दिवाळीला सुनेला चकित करायचीय."

अहो, जिताडा म्हणजे पाण्यातला वाघ! रोज एक-दोन चिलापी गट्ट. शेवटी सगळ्यांत दांडग्यानं आपली दोन भावंडंही सोडली नाहीत. काळ्या तळाशी पंपाआड तो दडून बसे. वरून कुणाला दिसणार? मासे संपले, तसं खत संपलं. पालक पिवळा पडला. आणि आळ कुणावर? माझ्यावर!

दसऱ्याला आठ जणी आल्या. शेजारच्या काशीबाई सगळ्यांत पुढं. त्यांनी आत डोकावून नाक मुरडलं.

"निशे, तुला तवाच सांगितलं होतं गो. जोह्याची टाकी ही. गणपतीच्या रंगाचं विष हाय तिच्यात."

"विषानं मेले तर मढी कुठं गेली, काशीबाई?" निशिगंधा म्हणाली. "एक तरी तरंगलेलं दिसलं का?"

"विरघळली असतील!"

विरघळली! मासे काय बत्तासे होते? मला वाचा असती तर त्या दिवशी अख्खं वरसे ताळ्यावर आणलं असतं. बायका मात्र माना डोलवत होत्या. "माहेरानं चांगला आहेर दिला हो," एक जण हळूच म्हणाली. निशिगंधाचा चेहरा उतरला. आणि काळुराम? ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

नितेशनं पहार आणली. मला कलंडवताना पहार निसटली आणि माझी कूस तडकली. पाणी भसाभस गेलं. तळाशी उरलेल्या ओंजळभर पाण्यात काहीतरी चमकलं आणि फटकन उडून काशीबाईंच्या पायावर आदळलं. त्या किंचाळल्या. दीड वीत लांबीचा गुबगुबीत जिताडा!

जिताड्याचं वेड घरात एकालाच होतं. "मामा," निशिगंधानं सासऱ्यांकडे वळून विचारलं, "साठ मासे यानं खाल्ले?"

"जिताडा हाय तो, गो. वरणभात खाईल का?"

बायका खो खो हसल्या. ती हसली नाही. "तुम्हाला ठाऊक होतं?"

काळुरामांनी मान खाली घातली. "पंधरा दिस झालं कळून. तोंडच उघडंना."

दिवेलागणीला ते माझ्याजवळ आले, तडकलेल्या जागेवर हात ठेवून पुटपुटले, "व्हय गो म्हातारे, माझंच चुकलं."

निशिगंधा दारातच उभी होती. "मामा, माझ्या माहेरावर आळ आठ जणींसमोर आला. आणि कबुली कोपऱ्यात?"

दुसऱ्या दिवशी काळुरामांनी तो जिताडा कॅनमध्ये घातला, रोह्याहून गाडीनं पेणला आणि तिथून बसनं जोह्याला गेले. एरवी मुलीकडचे जावयाला जिताडा देतात. यांनी तो सुनेच्या बापाला नेला. दाजींच्या कारखान्यात सगळ्या कारागिरांसमोर उभे राहून म्हणाले, "व्याही, टाकी चांगली होती. खोट माझ्यात होती." हे दाजींनीच पुढं माझ्या काठावर हात ठेवून सांगितलं.

मित्रांनो, वस्तू बोलत नाही म्हणून तिच्यावर काहीही लादू नका. दोष देण्याआधी एकदा तळापर्यंत वाकून बघा. आणि चूक कळली, तर ज्याच्यावर आळ आला त्याच्यासमोर, चारचौघांत उभं राहून कबूल करा.

त्यानंतर निशिगंधानं वरशात अकरा घरी मासे-भाजी मांडून दिली. प्रत्येक ठिकाणी ती मधली बादली आहे. नितेश आपली गाडी अजून रस्त्यावर लावतो. दाजींनी त्या जिताड्याचं कालवण सगळ्या कारागिरांना वाढलं. ते आता थकले आहेत, पण शाडू स्वतःच भिजवतात. काशीबाईंच्या घरची टाकी उत्तम चालते, आणि 'मासाच मासे खातोय, हे मला आधीच कळलं होतं,' असं त्या सगळ्यांना सांगतात. सांगोत. काळुराम गेल्या माघात वारले. तोवर रोज सकाळी ते नव्या टाकीतले मासे मोठ्यानं मोजत, साऱ्या आळीला ऐकू जाईल असे. आणि मी? तडा गेलेली, अर्ध्यावर कापलेली, पोटात खडी भरलेली. मासे आता शेजारच्या टाकीत असतात. माझ्यात पालक आहे, हिरवागार. विषारी म्हणाले होते मला!