फंडाची पत्रिका

पोराचं वय चोरून अर्धं तिकीट मागणाऱ्या बाईला मी भर बाजारात गाडीतून उतरवलेलं आहे. तेवीस वर्षं एसटीत कंडक्टर आहे, पण कुणाचा एक रुपया खाल्ला नाही आणि कुणाला खाऊ दिला नाही. डेपोत नवी पोरं मला बघून सरळ उभी राहतात. म्हणूनच त्या एप्रिलमध्ये मी काय केलं ते सांगताना आजही माझी जीभ अडखळते.

माझा धाकटा, हितेंद्र, दुसऱ्यांच्या गाड्या चालवून वैतागला होता. धुळ्याच्या एका कंपनीला साहेब लोकांना शिरपूरला नेण्या-आणण्यासाठी सात सीटची गाडी महिन्यावर हवी होती, पण चालवणाऱ्याच्या मालकीची. हितूनं धुळ्यातच एक वापरलेली गाडी बघितली आणि मला न विचारता मित्राकडून उसने घेऊन पन्नास हजार बयाणा देऊन बसला. उरले चार लाख. गाडीवाला म्हणाला, सोमवारी दुपारपर्यंत पैसे मंजूर झाल्याचा कागद दाखव, नाहीतर बयाणा विसर. म्हणजे बयाणाही जाणार आणि कंपनीचं कामही.

पोरांचे वडील जाऊन अकरा वर्षं झाली. घरात पैसा म्हणजे माझा फंड, बास. दीड वर्षानं मी रिटायर होणार, तेव्हा तोच माझा हात-पाय, आणि त्यातलाच काही भाग मी थोरलीच्या, रूपालीच्या लग्नाला धरून ठेवलेला. तरी पोराचं तोंड बघवेना, म्हणून गेले ऑफिसात. क्लार्कनं नियम वाचून दाखवला. गाडीसाठी उचल मिळत नाही. मुलीच्या लग्नासाठी मिळते, अर्जाला लग्नाची पत्रिका जोडा.

हितू म्हणाला, "पत्रिकाच लागते ना? छापून आणू."

मी त्याला शिव्या घातल्या. दोन दिवस घातल्या. तिसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन मजकूर लिहायला मीच बसले.

रूपा तेव्हा एकतीसची. जळगावात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. तिला बघायला सतरा जण येऊन गेले. कुणाला रंग नडला, कुणाला वय, एकाला तर तिची नोकरीच नडली. शेवटचा गेला तेव्हा तिनं पोह्यांची भांडी घासून ठेवली आणि म्हणाली, आता यापुढे कुणाला बोलावू नकोस. त्यानंतर आमच्या घरात लग्न हा शब्द निघाला नव्हता. आणि मी त्या पोरीचं लग्न कागदावर लावत होते. नवऱ्याचं नाव लिहिलं अखिल. पुढं बी.ई. लिहिलं. वर नाशिकला नोकरी. खोट्या पत्रिकेतसुद्धा मला जावई इंजिनीयरच हवा होता, बघा. तारीख मेची टाकली, कार्यालय नशिराबादचं. दहा प्रती काढल्या, एक अर्जाला लावली आणि बाकीच्या गहू भरलेल्या डब्यात खाली खुपसल्या. रूपाला काही सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठं होतं?

अर्ज बुधवारी दिला. साहेब रजेवर, सोमवारी सकाळी येऊन सही करणार होते. हितू दिवसातून दहा वेळा फोन करायचा, सही होईल ना, आई, नक्की होईल ना. गाडीला दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणायचा. मला जेवण जाईना. कुणी पत्रिकेवरच्या नंबरावर फोन केला तर? कुणी त्या कार्यालयात चौकशी केली तर? खोटा कागद जोडला म्हणून दीड वर्ष उरलेलं असताना घरी बसवलं असतं मला.

आणि गुरुवारपासून पितांबरभाऊ माझ्याशी बोलेना. माझा ड्रायव्हर. मूळचा धुळ्याकडचा, नऊ वर्षं आम्ही एका गाडीवर आहोत. रूपा कॉलेजात होती तेव्हापासून याच गाडीनं जाते-येते. तिच्यासाठी तो थांब्यावर दोन मिनिटं जास्त थांबायचा आणि मी वेळेवरून बोलले की ऐकूच आलं नाही असं करायचा. तो माणूस आता चहाही एकटा जाऊन पिऊन यायला लागला. मला वाटलं, संपलं. याला कळलं.

शनिवारी दुपारी साडेचारला गाडी डेपोत लावली तर म्हणाला, अक्का, रेस्टरूममधे चला. आत बारा-पंधरा माणसं उभी होती, ड्युटी संपलेलीही घरी न जाता थांबलेली. आणि मधोमध खुर्चीवर रूपा बसलेली. लॅबमधून येताना तिला पितांबरभाऊनं निरोप पाठवून थांबवलं होतं.

टेबलावर मिक्सर होता, नारळ होता आणि मोरपंखी रंगाची साडी. पितांबरभाऊ युनिफॉर्मच्या कापडाची सही करायला ऑफिसात गेला होता, तेव्हा क्लार्कच्या टेबलावर त्यानं पत्रिका बघितली. मी एवढी मोठी गोष्ट त्याच्यापासून लपवली म्हणून तो रुसला होता. रुसल्या रुसल्याच त्यानं अख्ख्या डेपोत वर्गणी फिरवली होती.

"बठ्ठासनी मियीसन लिधं शे, बेटी," मिक्सर-साडीकडे बोट दाखवत तो रूपाला त्याच्या अहिराणीत म्हणाला. "तुना लगीनमा मी नाचसू."

सगळे हसले. मी भिंतीला हात लावून उभी होते. बेबाबाई, आमच्यातली जुनी कंडक्टर, ओटी भरायला पुढं झाली. तिच्या हातात पत्रिकेची झेरॉक्स होती, क्लार्ककडून आणलेली. रूपानं ती घेतली आणि वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश वाचली. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. पण ती नुसतं बघत होती, आणि मला कळलं की तिला सगळं कळलंय. फंड, घरात रोज ऐकलेली हितूची गाडी, सगळं.

बेबाबाईनं विचारलं, तारीख पक्की ना ग?

रूपाच्या एका शब्दावर माझी नोकरी होती. मी देवाला म्हटलं, हो म्हणू दे. खरं सांगते, तेव्हा मला माझीच पडली होती.

"हो, मावशी," रूपा म्हणाली. "आईनं सगळं पक्कं केलंय."

मग तिनं पदर नव्हता म्हणून ओढणी पसरली. बेबाबाईनं तांदूळ, नारळ, साडी तिच्या ओटीत घातली. रूपा उठून पितांबरभाऊच्या पाया पडली. तो गडी डोळे पुसत बाहेर गेला, गाडीकडे. साडेपाचची फेरी होती आमची.

मी रूपाला पाण्याच्या टाकीमागं नेलं. हितूच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, बयाणा बुडत होता, रिटायर झाल्यावर मी तुझ्यासाठी बघितलंच असतं, असं काहीबाही बडबडले. ती ओटी तशीच धरून ऐकत होती.

"मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "गाडीसाठी."

मी म्हटलं, चुकलं माझं.

"आमच्या लॅबमध्ये भूषण आहे. दोन वर्षं झाली. त्याच्या घरचे मागच्या महिन्यात हो म्हणाले." तिनं ओढणीची गाठ नीट केली. "या रविवारी, उद्या, तुला सांगणार होते. आता माझं लग्न ठरलं हे तू तुझ्या डेपोत कुणाला सांगशील, आई?"

ती रडली नाही. मिक्सरचा खोका उचलून फलाटाकडे चालू लागली. लोक तिला वाट करून देत होते, अभिनंदन करत होते, आणि ती सगळ्यांना मान हलवून हो-हो म्हणत होती.

खिशात फोन वाजत होता, हितूचाच. मी उचलला नाही. गाडीत गेले तर प्रवासी बसलेले, पितांबरभाऊनं इंजिन चालू केलेलं आणि चेहरा असा की जणू त्याच्या स्वतःच्या पोरीचं ठरलंय. मी त्याच्या केबिनच्या जाळीपाशी जाऊन उभी राहिले. सोमवारी सही झाली असती. कुणालाही काही कळलं नसतं.

"पितांबरभाऊ, इंजिन बंद करा," मी म्हटलं. "ती पत्रिका खोटी आहे. मी छापली. पोरीला ठाऊकसुद्धा नव्हतं."

त्यानं इंजिन बंद केलं. मागं कुणीतरी विचारलं, काय झालं, गाडी बिघडली का. तो पुढच्या काचेतून बघत राहिला, फलाटावर खोका घेऊन उभ्या असलेल्या रूपाकडे.