चौऱ्याऐंशी हप्ते

माझी जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती झाली होती, हे मलाही दिसत होतं. एकवीस वर्षांची. गेल्या वर्षात क्लच झाला, रेडिएटर झाला, आणि सायलेन्सरला तर मेकॅनिकने इतकी ठिगळं लावली की मूळचा पत्रा शोधावा लागला असता. पण ती बिघडली की चिरंजीवांशी बोलणं व्हायचं.

चिरंजीव नोकरीसाठी दूरच्या शहरात. मी बॉनेट उघडून इंजिन चालू करायचो आणि फोन आत धरायचो. तो तिकडून ऐकून म्हणायचा, "पट्टा सैल झालाय, बाबा." मग पट्ट्यावरून बोलणं त्याच्या खोकल्यावर जायचं, जेवणावर जायचं, कधी कधी त्याच्या आईवरही. ती जाऊन चार वर्षं झाली. आता तिच्याबद्दल बोलायचं म्हटलं तर घरात नुसत्या भिंती आहेत. मेकॅनिकने दोन मिनिटांत सांगितलं असतं ते मी पोराला विचारत होतो.

शेवटी त्यानेच हिशेब मांडला. "बाबा, दुरुस्तीत महिन्याला जेवढे घालता, त्यात थोडी भर टाकली की नव्या गाडीचा हप्ता निघतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला चाललाय तुमचा."

बिनतोड होतं. माझ्याच तालमीत तयार झालेला. मी कारखान्यात चाळीस वर्षं स्टोअरकीपर होतो, कागदाशिवाय कुणाला साधा स्क्रूही दिला नाही.

शोरूममध्ये कर्जाचं काम बघणारी मुलगी चांगली होती. माझं वय बघून म्हणाली, सोबत मुलाचंही नाव लागेल. मग म्हणाली, "काका, तीन वर्षांत फेडलंत तर व्याज बरंच वाचेल."

खरं तर सगळी रक्कम माझ्या खात्यात पडून होती. मी विचारलं, "दर महिन्याचा मेसेज मुलालाही जाईल ना?"

"हो, दोघांना जातो."

"मग सात वर्षांचं करा."

तिने दोनदा समजावलं. जन्मभर चिक्कू म्हणून नाव कमावलेला माणूस मी, आणि जास्त पैसे भरण्यासाठी हुज्जत घालत होतो. चौऱ्याऐंशी हप्ते, म्हणजे चौऱ्याऐंशी फोन. मला तो सौदा महाग वाटला नाही.

नवी गाडी सुरू झालीय की नाही तेही कळत नाही, इतकी गुपचूप चालते. पण पाच तारखेला फोन यायचा. "हप्ता गेला, बाबा." मी व्याजदराबद्दल काहीबाही विचारून पंधरा मिनिटं काढायचो. असे तीन महिने गेले.

चौथ्या महिन्यात फोन दोन तारखेलाच आला. मी दूध तापवत होतो.

"बाबा, बोनस मिळाला. सगळं कर्ज फेडून टाकलं. आता तुमच्या डोक्याला कसलाच ताप नाही."

"बरं केलंस," मी म्हणालो आणि गॅस बंद केला.

"ठेवू मग?"

"ठेवू नकोस." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पैसे होते रे माझ्याकडे. तुझा फोन यावा म्हणून कर्ज काढलं होतं. फार आठवण येते तुझी."



"मग असाच करायचा ना फोन, बाबा."

"तूही करू शकला असतास."

"तुम्हीच नको म्हणाला होतात. मी निघालो तेव्हा, सामान टॅक्सीत ठेवताना. म्हणालात, कामाशिवाय फोन करत बसू नकोस. मला वाटलं, तुम्हाला आवडत नाही. मी वाट बघायचो, गाडी कधी बिघडते याची."

मला ते काही आठवत नव्हतं. पण म्हणालो असेन. वाक्य माझंच होतं.