शंभरातले नव्वद

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुमचं वय अठरा, घर अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरात. गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झालाय. मोठ्या बहिणीला कळा सुरू होतात आणि मोठं हॉस्पिटल डोंगरापलीकडे. अर्ध्या वाटेत, रस्त्याच्या कडेला, पिकअपच्या मागच्या सीटवर बाळ येतं. गुंडाळायला तुमचा कोट आहे, पण नाळेला हात लावायचा की नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

बाळ वाचलं. हे जिच्यावर गुदरलं ती ओपल फ्युगेट त्याच आठवड्यात माझ्या वर्गात येऊन म्हणाली, "बाई, मी डॉक्टर होणार."

मी तिची जीवशास्त्राची शिक्षिका. आमच्या शाळेत रसायनाची प्रयोगशाळा होती, म्हणजे खोली होती. तिच्या कपाटांत अमेरिकन फुटबॉलची हेल्मेटं ठेवायचे. फुटबॉलला पैसे होते, परीक्षानळ्यांना नव्हते. तरी पोरगी शहरातल्या कॉलेजात गेली. आधी चार वर्षांची पदवी, त्यात ठरावीक विज्ञानाचे विषय, मग मेडिकल, असा आमच्याकडचा रस्ता.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुट्टीत, ती माझ्या स्वयंपाकघरात आली. मक्याच्या पावाचा तुकडा हातात तसाच राहिला.

"काय झालं गं?"

"रसायनात 'सी' आला, जेमतेम पास. व्हिटकम सरांनी बोलावलं होतं." व्हिटकम म्हणजे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांचे सल्लागार. "म्हणाले, 'ओपल, तू माणसांत किती छान मिसळतेस! समाजसेवा बघ ना. डॉक्टरकीचा हट्ट कशाला?'"

"आणि तू काय म्हणालीस?"

"थँक्यू म्हणाले." तिचे डोळे भरले. "बाई, मी थँक्यू म्हणाले!"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. एवढं गोड बोलून कुणी दाराबाहेर काढतं का? पण कारण मला ठाऊक होतं. मेडिकलला अर्ज करताना कॉलेजची शिफारस लागते. कॉलेज ती फक्त नक्की निवडल्या जाणाऱ्यांनाच देतं, आणि मग जाहिरात करतं: आमच्या शंभरातल्या नव्वदांना प्रवेश! बाकीच्यांना पहिल्याच वर्षी हळूच उतरवून ठेवलेलं असतं.

मी शिजवायला काढलेल्या घेवड्याच्या बिया टेबलावर ओतल्या. "एक बी, एक विषय. पहिल्या सत्रात त्यांनी काय काय घ्यायला लावलं?"

तिने बिया मांडल्या. रसायन, जीवशास्त्र, गणित, सगळं एकाच ढिगात.

"ज्याने शाळेत परीक्षानळी पाहिली नाही, त्याच्या डोक्यावर हा ढीग?"

"सगळे असंच घेतात, बाई."

"सगळ्यांच्या शाळेत हेल्मेटं नव्हती."

मग आम्ही बिया पसरल्या. रसायन पुन्हा, पण सोबत इतिहास, तिच्या आवडीचा. भौतिकशास्त्र उन्हाळ्यात. एक बी तिने बराच वेळ बोटाने इकडून तिकडे सरकवली आणि शेवटी चौथ्या वर्षाच्याही पुढे ठेवली.

"एक वर्ष जास्त लागलं तर?"

"तर लागू दे. बाळं काही यायची थांबत नाहीत."

ती हसली. बिया मुठीत घेऊन खिशात टाकल्या. मला त्या दिवशी घेवड्याऐवजी बटाटे खावे लागले.

एप्रिलमध्ये नव्या मुलांना कॉलेज दाखवायचा दिवस होता. माझ्या वर्गातल्या जून नावाच्या मुलीला मी गाडीतून घेऊन गेले. सभागृहाच्या दारात ओपल उभी, छातीवर कॉलेजचा बिल्ला. ती माणसांत छान मिसळते ना, म्हणून स्वागताला! रसायन तिने पुन्हा घेतलं होतं, आणि या वेळी ते जमत होतं.

व्हिटकम मंचावर आले. "पालकहो, आमच्या शंभरातल्या नव्वदांना मेडिकलला प्रवेश मिळतो!" टाळ्या झाल्या. जून माझ्या कानाशी कुजबुजली, "बाई, मी त्या दहांतलीच असणार."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "सर, पहिल्या दिवशी इथे बसलेल्या शंभरातले किती?"

व्हिटकम हसले. "ओपल, प्रश्न पालकांनी विचारायचे आहेत."

"मग मी विचारतो," पुढच्या रांगेतले एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले. "किती?"

"तसा... तसा हिशेब आम्ही ठेवत नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. व्हिटकम मंचावरून उतरून ओपलजवळ आले आणि हळू आवाजात बोलले, पण मी दाराजवळच्या मागच्याच रांगेत होते. "तुझी शिफारस कोण लिहिणार आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, सर," ओपल म्हणाली. या वेळी थँक्यू म्हणाली नाही.

तिने बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला. मग सरळ आमच्या रांगेत आली, जूनशेजारी बसली, आणि खिशातल्या घेवड्याच्या बिया काढून एकेक करून तिच्या तळहातावर मांडू लागली.