आर्थरच्या नावाचं पान

इंग्रज माणूस शेजाऱ्याचं नाव विचारायला वर्ष लावतो, पण त्याच्या आडनावाचा विषय काढा, मग चहा गार होईपर्यंत सुटका नाही. लीड्समधल्या डॉक्टर अनुराधाची शेजारीण डोरथी अ‍ॅक्रॉइड तशीच. ओकची झाडं तोडून मोकळी केलेली जागा, ते अ‍ॅक्रॉइड. "म्हणजे आमच्या गावावरून पडलेल्या आडनावांसारखंच की!" अनुराधा म्हणायची. सत्तरीची, बिनलग्नाची डोरथी देशोदेशीच्या अ‍ॅक्रॉइडांना पत्रं धाडायची. कोण कॅनडाला गेलं, कोण ऑस्ट्रेलियाला, सगळं वहीत. तिच्या घरात हे आडनाव तिच्यापाशीच संपत होतं. आई क्षयाने हॉस्पिटलात आणि डोरथी मावशीकडे असताना धाकटा भाऊ आर्थर अनाथाश्रमात घटसर्पाने गेला होता. सहा वर्षांचा.

ते ऐकून अनुराधाचा जीव कळवळला. २००४च्या सर्वपित्री अमावास्येला तिने सासऱ्यांच्या पानाशेजारी आर्थरच्या नावाचंही पान वाढलं, खीर-वड्यांसकट, आणि डोरथीला तसं सांगितलंही.

नोव्हेंबरात एका सकाळी डोरथी दारात. अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता, हातात पर्थहून आलेलं पत्र.

"वाच, अनु. मोठ्याने वाच."

'मीही अ‍ॅक्रॉइड. नाव आर्थर, जन्म लीड्सचा, १९४१. सत्तेचाळीस साली आश्रमाने आम्हा मुलांना ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसवलं. आई वारली, असं निघताना सांगितलं. मला डोरथी नावाची बहीण होती. माझ्या बुटांच्या नाड्या ती बांधायची. तुम्ही तीच का?'

अनुराधा वाचता वाचता थांबली. जित्याजागत्या माणसाचं पान वाढलं आपण!

"डोरथी, मला माफ करा, मी त्याचं श्राद्ध..."

"तू एकदाच जेवू घातलंस. आईने चौतीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लावली." डोरथी आत येऊन खुर्चीत बसली. "आई बरी झाली होती, अनु. त्याला आणायला गेली, तर आश्रमवाले मुलगा गेला म्हणाले. एक्क्याऐंशीपर्यंत होती ती."

त्या चांडाळांनी आईला मुलगा मेला म्हणून सांगितलं आणि मुलाला आई. अनुराधाने पत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. शेवटची ओळ राहिली होती.

'आईचा एखादा फोटो पाठवाल? मला तिचा चेहरा आठवत नाही.'

डोरथीने पेन पुढे केलं. "वाईट बातम्या सांगायची तुला सवय आहे. तूच लिही."

माणूस गेला, हे अनुराधाने वॉर्डाबाहेर उभं राहून शेकडो नातेवाइकांना सांगितलं होतं. आई तेव्हा गेलीच नव्हती, हे कसं सांगतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने 'प्रिय आर्थर' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.